बिराजदार सरांचे कान

बास्केटबॉलच्या पंचाकडं सगळ्यात महत्त्वाचं काय असावं लागतं, असं कुणी विचारलं की महेश्वर बिराजदार सर शिट्टी म्हणायचे नाहीत, नियमपुस्तक म्हणायचे नाहीत. दोन बोटांनी उजव्या कानाची पाळी ओढून दाखवायचे आणि म्हणायचे, "हे." समोर पोरं असली तर डाव्या कानाचीही ओढायचे. बावीस वर्षं जिल्ह्यात पंचगिरी केलेला माणूस, त्याला एवढा तोरा शोभून दिसतो असं त्यांचं मत होतं. इतरांचं मत त्यांनी कधी विचारलं नाही, आणि अलीकडं कुणी सांगितलं असतं तरी ते ऐकू आलं असतंच असं नाही.

कारण सरांचे कान दोन वर्षांपूर्वीच कामातून गेले होते. हे घरात बायकोला, सिद्धेश्वरीला, पक्कं ठाऊक होतं. तिनं डॉक्टरकडं जायचा विषय काढला तेव्हा सरांनी तिलाच सांगितलं, "तुझा आवाज बसलाय. गुळण्या कर." टीव्हीचा आवाज त्यांनी इतका वाढवला होता की समोरच्या घरातली मुक्ताबाई स्वतःचा टीव्ही न लावता, भाकरी थापत थापत यांच्याच टीव्हीवर मालिका ऐकायची. तरीही सर शाळेत खेळ शिकवत होते, आणि शनिवार-रविवारी कॉलेजांच्या सामन्यांत शिट्टी फुंकत होते. फाउल काय, डोळ्यांनी दिसतो; समोरच्याचं बोलणं ओठांवरून उमगतं. अडचण होती ती फक्त वेळ संपल्याच्या इशाऱ्याची, आणि त्यावर सरांनी तोड काढली होती. तोड म्हणजे संगप्पा.

संगप्पा हा ज्या कॉलेजच्या मैदानावर दरवर्षी स्पर्धा होत, तिथला सेवक. मैदानावरचा विजेचा भोंगा बसवल्यावर तिसऱ्याच वर्षी जळाला होता आणि नवा आणायचा ठराव दर वर्षी मंजूर होत होता. तोवर तासांची पितळी घंटाच मैदानावर यायची. डाव्या हातात दोरीनं धरलेली ताटाएवढी घंटा, उजव्या हातात लाकडी मोगरी, असा संगप्पा वेळ मोजणाऱ्यांच्या टेबलाशेजारी उभा राहायचा. घड्याळ लावून बसलेले प्राध्यापक बोट वर करायचे, की हा टोला हाणायचा. मारण्याआधी हात चांगला डोक्याच्या वर न्यायचा. सर ऐकायच्या ऐवजी तो हात बघायचे. आपली ही युक्ती जगात कुणालाच कळलेली नाही, याचाही त्यांना तोरा होता.

यंदाच्या मुलींच्या अंतिम सामन्यात यजमान कॉलेज विरुद्ध टेंभुर्णीचं कॉलेज अशी गाठ पडली. जिंकेल त्या संघाला विद्यापीठाच्या स्पर्धेत जागा होती. शेवटचे चार सेकंद उरले तेव्हा टेंभुर्णी एका गुणानं पुढं होती. यजमानांच्या मुलीच्या हातात चेंडू आला आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. टेंभुर्णीहून आलेली मंडळी घरची स्टीलची ताटं घेऊन आली होती, ती बडवू लागली. सरांनी सवयीनं टेबलाकडं पाहिलं. टेबल दिसेना, घंटा दिसेना. दिसल्या त्या नुसत्या पाठी. इतक्यात चेंडू जाळीतून खाली आला.

आता निर्णय द्यायचा होता. घंटा वाजायच्या आत चेंडू हातातून सुटला असेल तर बास्केट धरायचं, नसेल तर नाही. सरांनी आजूबाजूला बघितलं. यजमान कॉलेजची पोरं नाचत होती. ज्या अर्थी एवढी माणसं नाचताहेत त्या अर्थी बास्केट बरोबर असणार, असा शास्त्रशुद्ध विचार करून सरांनी दोन बोटं वर केली आणि झोकात खाली आणली. दुसरा पंच नवखा होता. तो म्हणाला, "सर म्हणतील ते."

टेंभुर्णीची कर्णधार संस्कृती धावत आली. घामानं भिजलेली, डोळे लाल. "सर, घंटा आदी वाजली की! माझ्या कानानं ऐकली मी."

"बाळ," सर कानाची पाळी ओढत म्हणाले, "बावीस वर्षं हे कान चुकलेले नाहीत."

संस्कृतीनं गुणपत्रिकेवर हरकतीच्या जागी सही केली. इतकी दाबून, की कागद फाटला.

पण खरा घोळ पुढंच झाला. संगप्पाला विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला, "मी टोला हाणला तवा चेंडू पोरीच्या हातात हुता." म्हणजे गडी आपल्याच कॉलेजला हरवायला निघाला. प्राचार्यांनी त्यावर मार्ग काढला. घड्याळवाल्या प्राध्यापकांनी बोट वेळेत वर केलं, पंचांनी निर्णय बरोबर दिला, कारण निर्णय घंटेवरच द्यायचा असतो, आणि सेवकानं घंटाच उशिरा, चेंडू सुटल्यावर वाजवली, असं टिपण तयार झालं. यात सगळेच सुटत होते, फक्त संगप्पा सोडून. त्याच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि सेवापुस्तकात शेवटचा शेरा 'कामात हलगर्जी' असा पडणार होता. सरांनी लेखी अहवाल दिला: घंटा चेंडू सुटल्यावर वाजली, मी स्वतः ऐकली. सहीखाली रेघही मारली.

हरकतीची सुनावणी शुक्रवारी ठेवली. तोवर सामन्याचा एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरू लागला. गुरुवारी दुपारी सरांनी तो मोबाईल कानाला लावून चाळीस वेळा ऐकला. घंटा मुळी ऐकूच येईना. सरांना फार बरं वाटलं.

सिद्धेश्वरी बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "ती घंटा किती येळा वाजवताय? डोकं उठलं माझं."

"घंटा नाही, ताटं आहेत ती," सर म्हणाले.

"ताट आन् घंटा मला कळत न्हाय व्हय?"

ती आत गेली. सर मोबाईल हातात घेऊन बसून राहिले.  घंटा व्हिडिओत आहे, ऐकू येत नाही ती फक्त आपल्याला, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि पुढच्याच क्षणी त्यांनी ठरवलं की ते कुणाला सांगायचं नाही. पंच बहिरा म्हटल्यावर उरलं काय? शिट्टी जाईल, पांढऱ्या बुटांचा जोड जाईल, स्पर्धेच्या पत्रिकेतलं नाव जाईल. संगप्पाचं काय, तो निवृत्तच होणार आहे. असा विचार आपण केला, याची लाज त्यांना वाटली, पण ती निर्णय बदलण्याइतकी नव्हती.

शुक्रवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये समिती बसली. एका बाजूला संस्कृती आणि तिच्या मॅडम, दाराजवळ संगप्पा उभा. भिंतीवरच्या पडद्यावर व्हिडिओ लावला. आवाज मोठा केला. समितीत वाद सुरू झाला, ही घंटा की ताट, ताट की घंटा. सगळे डोळे मिटून ऐकत होते. सरांना ऐकण्यात काही अर्थच नव्हता, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच तो व्हिडिओ नीट बघितला.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, गर्दीच्या डोक्यांवर, एक पांढरी टोपी होती. टोपीखाली संगप्पा. तो बाकड्यावर चढून उभा होता. गुडघ्यांनी अधू झालेला, जिन्याच्या चार पायऱ्या कठडा धरून चढणारा संगप्पा. त्यानं मोगरीचा हात होईल तेवढा उंच केला आणि टोला हाणला. चेंडू तेव्हा पोरीच्या हातातच होता. टोला हाणून त्यानं तोच हात पुन्हा वर केला आणि हलवला. सरांच्या दिशेनं.

"थांबवा," सर म्हणाले. बहुधा ओरडले, कारण सगळे दचकले.

प्राचार्यांनीही आता तो कोपरा पाहिला. कपाळाला आठी घालून त्यांनी विचारलं, "संगप्पा, तू बाकड्यावर कशाला चढलास? घड्याळ तर तुझ्या शेजारीच होतं."

संगप्पानं टोपी सारखी केली. "उगं चढलो, साहेब. मॅच दिसंना म्हणून."

त्यानं एक वाक्य बोलायचं होतं: सरांना ऐकू येत न्हाय. तेवढ्यावर तो सुटला असता. सेवापुस्तक स्वच्छ, कॉलेज गप्प. तो बोलला नाही.  दोन वर्षं ज्या युक्तीचा आपण तोरा मिरवला ती आपली नव्हतीच. हा म्हातारा हात उंच करत होता तो आपल्यासाठी.

"तो मला दिसावं म्हणून चढला," सर उभे राहिले. "मला ऐकू येत नाही, साहेब. दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी घंटा ऐकली नाही, पाहिलीही नाही. पोरं नाचली म्हणून बास्केट दिलं. अहवाल खोटा आहे. बास्केट धरू नका."

केबिनमध्ये कोण काय म्हणालं ते सरांना ऐकू आलं नाही. संस्कृतीनं मॅडमना मिठी मारलेली तेवढी दिसली. समितीनं हरकत मान्य केली, टेंभुर्णी विजयी, संगप्पाचं टिपण रद्द. सरांनी आपली शिट्टी स्वतःच काढून टेबलावर ठेवली. ती उचलायची घाई मात्र समितीनं जरा जास्तच केली, असं त्यांना वाटलं.

बाहेर व्हरांड्यात संगप्पा कठडा धरून पायऱ्या उतरत होता. सरांनी त्याला गाठलं.

"संगप्पा, माझं चुकलं," ते पुटपुटले.

संगप्पा थांबला. त्यानं तळहात कानामागं धरला. "जरा मोठ्यानं बोला की, सर. ऐकू न्हाय आलं."

"माझं चुकलं!"

"आँ?"

"संगप्पा, माझं चुकलं!" सर असे ओरडले की समोरच्या वर्गातली पोरं खिडकीला येऊन चिकटली.

संगप्पाच्या मिशीखाली हसू आलं. "इरली बिडरी, सर," तो म्हणाला. असू द्या, सोडा. दोघांच्याही गावाकडं बोलतात ती कानडी. सरांना ओठांवरून कळली.

मग त्यानं खिडकीवरचं घड्याळ बघितलं, खुंटीवरची घंटा काढली आणि मोगरी उचलली. तास संपला होता. सर अगदी हातभर अंतरावर उभे होते, तरी संगप्पानं आधी त्यांच्याकडं पाहिलं आणि हात डोक्याच्या वर, चांगला उंच नेला.