बिनदुधाचा चहा

मुक्ताबाईच्या घरात बिनदुधाचा चहा आजवर तीनदाच झाला होता. एकदा सासरे गेले तेव्हा, एकदा सासू गेली तेव्हा आणि एकदा मोहनराव, तिचा नवरा, गेला तेव्हा. घरात चूल पेटवायची नाही, दारात माणसं बसलेली, आणि शेजारणीनं किटलीत आणलेलं ते काळं पाणी. तेरावं झालं, दूध परत पातेल्यात पडलं की समजायचं, घर जित्या माणसांत आलं. गोठ्यात चार म्हशी असताना बिनदुधाचा चहा करायचा म्हणजे मरणाला घरचा पत्ता कळवायचा, असं मुक्ताबाईचं म्हणणं. आणि मुक्ताबाईचं म्हणणं तेलगावच्या त्या गल्लीत सहसा कुणी खोडत नसे.

म्हणून नात सायलीनं संभाजीनगरहून हिरव्या चहाचा डबा पाठवला तेव्हा तिनं तो उघडला, आतली एक पुडी बाहेर काढली आणि बोटाच्या चिमटीत लोंबकळत धरली. कागदाची पुडी, तिला दोरा, दोऱ्याच्या टोकाला चिठ्ठी.

"सायले," ती फोनवर म्हणाली, "सरकारी दवाखान्यात मयताच्या अंगठ्याला अशीच चिठ्ठी बांधतेत. हे मी पिऊ?"

"आज्जी, कातडीच्या आजाराला फायदा होतो म्हणतात. रोज सकाळी एक कप. दूध, साखर काही नको."

"तेच तर. बिनदुधाचं पेयाला कोण मेलंय?"

डबा फडताळात गेला, उंदराच्या औषधाशेजारी.

आजार दोन वर्षांचा. आधी कोपरांवर लाल चट्टे उठले, मग हातांच्या पाठीवर, बोटांच्या पेरांवर. चट्ट्यांवर पांढऱ्या चकचकीत खपल्या. बसल्या जागेवरून उठलं की खाली कोंडा पडलेला. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातला केर दाखवला, तिच्या पाठीमागून सून वनमाला झाडू घेऊन फिरायली, हे मुक्ताबाईला आजारापेक्षा जड जात होतं.

माजलगावची कातडीची डॉक्टरीण वयानं सायलीएवढीच. तिनं हात उलटेपालटे करून बघितले. हातमोजे न घालता बघितले, हे मुक्ताबाईच्या ध्यानात राहिलं.

"हा सोरायसिस आहे आजी. शिवल्यानं कुणाला लागत नाही. कमी होतो, जास्त होतो, पण आटोक्यात ठेवता येतो. घरात आधी कुणाला होता का? आईला, वडलांना?"

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. लई लवकर म्हणाली. "आमच्यात असलं कुणाला न्हाई."

हिरव्या चहाचं विचारलं वनमालानं. डॉक्टरीण म्हणाली, काहींना आतली सूज उतरायला मदत होत असेलही, पण खात्रीनं सांगण्यासारखं अजून काही नाही. प्यायचा तर प्या, कपभर चहानं बिघडत नाही, फक्त मलम सोडू नका. मुक्ताबाईनं मलम घेतलं आणि चहाचं ऐकलंच नाही असं दाखवलं.

पण मग तो फोन आला. नातसून शिवकन्या बीडला माहेरी बाळंत झाली होती. मुलगी. सव्वा महिन्यानं बाळाला घेऊन येणार होती. शिवकन्येची आई वनमालाशी बोलत होती, आणि वनमालाचा फोन नेहमीसारखा सगळ्या घरानं ऐकावा असा लावलेला.

"बाळाची कातडी लई नाजूक हाय हो ताई. तुमच्या आत्याबाईंचं ते हातांचं... बरं झालं का? न्हाई, मी काय म्हणते, त्यांनी आपलं लांबूनच बघितलं तर?"

मुक्ताबाई मेथी निवडत होती. तिनं काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, दुसरी काडी घेतली. वनमाला तीस वर्षं तिच्या तोंडाला घाबरत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या गप्प बसण्याला घाबरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाईनं स्वतः पाणी उकळलं. पुडी बुडवली, चिठ्ठी कपाबाहेर लोंबू दिली आणि पोर्चमध्ये येऊन बसली. चव वाळल्या गवतासारखी. तिसऱ्या घोटाला तिनं तोंड वाकडं करून समोर बघितलं, तर फाटकाबाहेर लिंबाखाली एक बाई बसलेली.

उजवा गुडघा उभा, डोक्यावरून पदर तोंडापर्यंत ओढलेला, दोन्ही हात पदराच्या आत. मयताच्या घरी दुखवट्याला आलेली बाई बसते तशी.

"वनमाला! ऊसतोडीच्या टोळीतली कोणी बाई दिसायलीय. भाकर दे तिला."

वनमाला भाकर घेऊन फाटकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. "कुणी न्हाई हो आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी ती फाटकाच्या आत होती. तिसऱ्या दिवशी हौदापाशी. रोज चहाचा पहिला घोट गेला की दिसायची, कप रिकामा झाला की नसायची. कधी बोलली नाही, मान वर केली नाही. घरचं कुत्रं भुंकलं नाही. उठून दोन हात सरकलं आणि तिला जागा देऊन पुन्हा आडवं झालं.

शेजारची विमलबाई भिंतीवरून डोकावली. "मुक्ताबाई, सकाळी तुमच्या हौदापाशी कोण बसतंय? आणि कपात काय वो, बिनदुधाचं? आमाला न सांगताच कोण गेलं?"

"तुझी चौकशी गेली असती तर बरं झालं असतं. म्हशी आटल्यात माझ्या."

"चारी एकदम?"

"हो. तुझ्या नजरेनं."

विमलबाई हसत खाली उतरली, पण मुक्ताबाईनं हौदाकडं पुन्हा बघितलं. म्हणजे वनमालाला दिसत नसली, तरी विमलबाईला दिसत होती.

इकडं हात मात्र उतरायले होते. आठवड्याभरात खाज गेली, पंधरा दिवसांत बोटांच्या पेरांवरची लाली फिकी झाली. मलमानं म्हणा, चहानं म्हणा, आजाराच्या मर्जीनं म्हणा. आणि वनमाला एका सकाळी पोर्च झाडता झाडता थांबली.

"आत्याबाई, तुमचे हात तर बरे व्हायलेत. मग ही खपल्यांची रास कुठून यायली? तुमी तर हितं बसतच न्हाईत."

पायरीवर, जिथं ती बाई त्या दिवशी बसली होती, तिथं पांढऱ्या कोंड्याचं रिंगण पडलं होतं. बसलेल्या माणसाएवढं.

मुक्ताबाई ते बघून आत गेली आणि देव्हाऱ्यासमोर बसली. दुखवट्याला बाई यायली, रोज एक पाऊल जवळ यायली, तर मरण कुणाचं? घरातून जाणारी म्हातारी एकच होती, आणि तिची काही तक्रार नव्हती. एकाहत्तर वर्षं झाली, बास. पण घरात येणारं एक होतं. सव्वा महिन्याचं.

तिनं चहा बंद केला. त्या दिवसापासून बाई दिसली नाही. चार दिवस पोर्च स्वच्छ राहिला. पाचव्या दिवशी हातांच्या पाठी पुन्हा लाल झाल्या, सहाव्या दिवशी चिरा पडून रक्त आलं. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, हा आजार असाच असतो, वर-खाली होतो, मलम चालू ठेवा. मुक्ताबाईला ते पटलं आणि पटलं नाही. बाळ यायला पंधरा दिवस उरले होते. हे हात घेऊन ती उंबऱ्यात उभी राहणार, आणि शिवकन्येची आई गोड बोलून बाळ दुसऱ्या अंगाला फिरवणार. तो प्रसंग तिला असा स्पष्ट दिसत होता की जणू आधी कुठंतरी बघितलेला.

सातव्या दिवशी तिनं पाणी उकळलं.

बाई आता पोर्चमध्ये होती, खांबाला टेकून, मुक्ताबाईपासून हातभर अंतरावर. जुन्या लुगड्याचा, उन्हात वाळवलेल्या मिरचीचा वास आला. दुखवट्याला आलेल्या बाईला कुणी 'या' म्हणत नाही, आणि ती जाताना 'येते' म्हणत नाही. पण मुक्ताबाईच्या तोंडाला कळ कुठली.

"कोण हाय तू? कावून यायलीस रोज? हितं कोण मेलं न्हाई!"

शेवटचे चार शब्द बाहेर पडले आणि तिच्याच कानांत परत आले. तिनं हे शब्द आधी म्हटले होते. याच फाटकापाशी, असेच.

बाईनं पदरातून हात बाहेर काढले आणि गुडघ्यावर ठेवले. हातांच्या पाठीवर लाल चट्टे, चट्ट्यांवर पांढऱ्या खपल्या. डाव्या मनगटावर तुळशीचं गोंदण, आणि त्या तुळशीची वरची दोन पानं खपलीखाली गेलेली.

मुक्ताबाईच्या हातातला कप कलंडला.

माहेरी नेकनूरला ती लहान असताना त्या मनगटाला धरून बाजारात जायची. दोन पानं कमी असलेली तुळस. माय म्हणायची, किड्यानं खाल्ली गं.

बावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण सासू म्हणाली, तसल्या हातांत पोर नको. बाळ इथंच झालं. मुलगी. बारशाला माय नेकनूरहून एसटीनं आली, शिवलेली कुंची घेऊन. तिनं हात पुढं केले, आणि मुक्ताबाईनं बाळ दुसऱ्या अंगाला फिरवलं. "शिवू नको माय. लागंल तिला." सासूनं सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं. चार सासरच्या बायका बघत होत्या आणि तिला त्या हातांची लाज वाटली होती.

मुलीचं नाव कौसल्या ठेवलं होतं. महिन्यानं ती तापानं गेली. एवढ्याशा पोरीचा दुखवटा कसला, असं सासू म्हणाली आणि त्याच दुपारी दुधाचा चहा टाकला. तिसऱ्या दिवशी माय फाटकापाशी उभी. ओसरीवरून सासरची माणसं बघत होती. मुक्ताबाई फाटकापर्यंत गेली. "हितं कोण मेलं न्हाई. घरात दुधाचा चहा उकळायलाय. जा तू." मायनं हात पदरात ओढून घेतले आणि गेली. दिवाळीच्या आधी मायही गेली.

आणि परवा माजलगावला डॉक्टरणीनं विचारलं, आईला होता का? न्हाई, असलं कुणाला न्हाई.

शिवल्यानं लागत नाही, असं ती पोरगी किती सहज म्हणाली होती.

पुढं चौदा सकाळी दोघी शेजारी बसल्या. मुक्ताबाई बोलली नाही. तिला बोलता येईना, हे वनमालानं कुणाला सांगितलं असतं तर गल्लीनं खरं मानलं नसतं.

बाळ यायच्या दिवशी मुक्ताबाईनं पोर्चमध्ये चटई टाकली. पाणी दोन कपांचं उकळलं. एक कप स्वतःपुढं, एक चटईसमोर. पहिला घोट गेला तेव्हा ती चटईवर होती. घराच्या इतक्या आत ती कधीच आली नव्हती.

"माय," मुक्ताबाई म्हणाली, "कौसल्या गेली गं."

बावन्न वर्षांत ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. पुढचं आपोआप आलं: ताप कसा चढला, पाय कसे गार पडले, दूध कसं दोन दिवस लुगड्यातून वाहत राहिलं आणि कुणी विचारलं नाही. पदराखालचं डोकं हळूहळू हलत होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मुक्ताबाईनं आपल्या कपात बघितलं. एक घोट शिल्लक होता. तो तिनं तसाच ठेवला.

शिवकन्या बाळ घेऊन उतरली, मागून तिची आई. आईची नजर आधी मुक्ताबाईच्या हातांवर गेली. हातांच्या पाठी गुलाबी, स्वच्छ. कोपरावर रुपयाएवढा चट्टा तेवढा राहिलेला. तो झाकायला मुक्ताबाईनं पदर ओढला नाही.

"घ्या आज्जी," शिवकन्या म्हणाली, आणि आईकडं न बघता बाळ तिच्या हातांत दिलं.

बाळ रडत होतं. बीडपासून रडत आलं म्हणे. मुक्ताबाईनं त्याला छातीशी धरलं, टाळूचा वास घेतला. एवढं तिला पाहिजे होतं. इथं थांबली असती तर चाललं असतं. पण चटईवरचे दोन हात गुडघ्यावरून उठले होते, आणि हवेत, थोडेसेच, पुढं आले होते. बावन्न वर्षांपूर्वी आले होते तेवढेच.

भीती तिला होती. बाळाला घेऊनच गेली तर? तरी ती चटईपुढं गुडघे टेकून बसली.

"आत्याबाई, काय करायलात?" वनमाला ओरडली. "कोण हाय तितं?"

"हिचं घ्यायचं राहिलं होतं," मुक्ताबाई म्हणाली, आणि बाळ पुढं धरून हात सैल केले.

बाळ पडलं नाही.

पोर्चमधल्या तिघी बायकांनी ते बघितलं. मुक्ताबाईचे हात खाली होते आणि बाळ वर होतं, चटईपासून वीतभर, कुणाच्या तरी दंडावर मान टेकावी तसं. त्याचं रडणं थांबलं होतं. ते वर बघत होतं, आणि त्याची मूठ कशावर तरी मिटली होती. दोन श्वास. मग वजन अलगद मुक्ताबाईच्या हातांत परत आलं.

चटईवर कुणी नव्हतं. समोरचा कप तळापर्यंत रिकामा होता.

मग शिवकन्येच्या आईला बाळाच्या कुंचीवर काहीतरी दिसलं: एक पांढरी, पातळ, चकचकीत खपली. ती झटकायला तिनं हात पुढं केला.

मुक्ताबाईनं तो हात वरच्यावर धरला.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "शिवल्यानं लागत न्हाई."