आज्याची वाटणी

कडावच्या हरेशने भाताच्या शेतात चार खोल्या बांधून पाटी लावली, तेव्हापासून शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येऊ लागली. पिठलं-भाकरीचं कौतुक लवकरच ओसरलं आणि ती धुरावर शिजवलेलं मटण मागू लागली. हरेश गिऱ्हाइकाला 'नाय' म्हणणाऱ्यातला नव्हता. तो 'हाय' म्हणून बसला आणि काम बायकोच्या गळ्यात घातलं.

हर्षलाने एका परदेशी माणसाचे व्हिडिओ लावले. त्याचं बोलणं कळत नव्हतं, हात काय करतात ते कळत होतं. बेडगी मिरची, मिरी, मोहरी आणि धणे भाजून तिने जाडसर दळले, त्यात वाळवलेल्या लसणाची पूड आणि मीठ घातलं. तो टाकायचा ती तपकिरी साखर घरात नव्हती, म्हणून तिने गुळाची पावडर घेतली. आधी गूळ जास्त झाला आणि मटणाची अख्खी मांडी कोळसा झाली. मग मीठ कमी पडलं. शेवटी एकदा कोरडा मसाला मटणाला असा चिकटून बसला, की भट्टीतल्या जांभळीच्या लाकडाच्या धुरात त्याचं काळपट, खमंग कवच झालं.

"किती ऑथेंटिक!" पाहुण्यांतल्या तनया मॅडम बोटं चाटत म्हणाल्या. "कुणाची रेसिपी?"

हर्षला तोंड उघडणार, तोच हरेश म्हणाला, "आमच्या आज्याची. डुकराच्या शिकारीला जायचा ना! रानातच भाजायचा."

हर्षलाने ताट खाली ठेवून नवऱ्याकडे बघितलं. आजेसासरे माळकरी होते. त्यांच्या हयातीत घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर सासू गौराबाई कडाडल्या, "माज्या देवमाणूस सासऱ्याला शिकारी केलास? लाज नाय वाटत रं?"

पण पुढच्या शनिवारी पाहुण्यांनी त्यांच्या पाया पडून त्यांना खुर्चीत बसवलं, मोबाइल समोर धरले. घरात आजवर त्यांचं कुणी धड ऐकून घेतलं नव्हतं. गौराबाईंनी पदर सावरला. "येक डुक्कर व्हता..." मग दर शनिवारी डुक्कर वाढत गेला. हर्षला दार लावून मिक्सर फिरवायची आणि फोटोपुरती पाट्यापुढे बसायची.

धंदा बघून रस्त्यापलीकडे हरेशचा चुलतभाऊ गजा याने पाटी लावली : 'मूळ आजोबांचा मसाला'. हरेश भांडायला गेला.

"आजा काय तुज्या एकट्याचा हाय काय रं?" गजा म्हणाला. "समाईक हाय!"

गावची जाणती माणसं बसली. दोघांच्या बांधाचा वाद वर्षानुवर्षं मिटला नव्हता. आज्याची वाटणी मात्र एका दुपारी झाली. बंदूक, रान आणि डुक्कर हरेशला, मसाला गजाला.

"मसाला मी केलाय," चहा घेऊन आलेली हर्षला म्हणाली.

"तू मधी बोलू नको गं," एक म्हातारा म्हणाला. "ह्यो घराण्याचा विषय हाय."

शनिवारी ती हाताची घडी घालून ओट्याला टेकली. "अवो, मसाला गजाभावजींकडं गेला. तुमच्याकडं डुक्कर हाय ना? तोच वाढा."

हरेश इरेला पेटला. त्याने स्वतः मिरच्या दळल्या, झाकण नीट बसलं नाही, आणि अंगणभर पाहुणे शिंकत सुटले. मीठ दोनदा पडलं. "आज अगदी जंगली चव आहे," तनया मॅडम डोळे पुसत म्हणाल्या आणि दुसरा तुकडा त्यांनी घेतला नाही.

मागच्या दाराने गजा आला. "वैनी, आजा मसाल्यात काय काय टाकायचा गं?"

"तुमच्या आज्यालाच इचारा."

संध्याकाळी हरेश लाल डोळ्यांनी स्वयंपाकघरात आला. "चुकलं गं."

पुढच्या खेपेला मसाला हर्षलाने केला आणि हरेशने पाहुण्यांना खरं सांगितलं, "हिनं केलाय. मोबाइलवर बघून. आजा माळकरी होता."

"अच्छा," तनया मॅडम म्हणाल्या. त्यांनी फोटोसाठी उचललेला मोबाइल खाली ठेवला. हर्षलाकडे बघून कसंनुसं हसल्या. तेवढ्यात ओटीवरून गौराबाईंचा आवाज आला. त्या आता वाघापर्यंत पोचल्या होत्या. पाहुणे ताटं घेऊन तिकडे धावले. हरेशही गेला, पुढे काय झालं ते त्यालाही ऐकायचं होतं.

अंगणात कुणीच उरलं नाही. हर्षलाने भट्टीचं झाकण उघडलं, हाडाजवळचा सगळ्यात चांगला तुकडा काढला आणि पायरीवर बसून गरम गरम खाल्ला. झकास झाला होता.