‘दार बंद’चं बटण

आमचं काम पगाराच्या लायकीचं आहे की नाही, हे ठरवायला कचेरीने एक घड्याळवाला पाठवला, दारोदारी माझा वेळ मोजायला. अठरा वर्षं मी या भागात टपाल वाटतोय, आणि माझी किंमत ठरवणार कोण, तर ज्याने जन्मात एक पाकीट वाटलं नाही तो. पहिला दिवस सरावाचा, पुढचे दोन मोजणीचे. दाराशी चाळीस सेकंद थांबायचं, कोणी आलं नाही तर हातातल्या नोंदीच्या यंत्रावरचं ‘दार बंद’ बटण दाबून पुढे व्हायचं. मोजणीत नापास झालो तर हा भाग ठेकेदाराला जाणार होता. मग थैली हीच, पाय हेच, पगार निम्मा.

“तीन दिवस तोंडाला कुलूप लाव,” बायकोने बजावलं होतं.

कुलपावरून सांगतो. आमच्यात ‘दार बंद’ म्हणजे बाहेरून कुलूप. कुलूप नसेल तर माणूस आत आहे, थांबायचं. हे कुठल्या नियमात नाही. मला माझ्या आधीच्या पोस्टमनने शिकवलं.

शिवणकाकू एकटी राहते. दुकानातून तिला रोज शिवायच्या कॉलरींचं पुडकं येतं आणि त्यावर सही लागते. गुडघे कामातून गेलेले, काठी टेकत दारापर्यंत यायला तिला दोन मिनिटं लागतात. सरावाच्या दिवशी घड्याळवाला म्हणाला, “एवढा वेळ वाया?”

मी हसत हसत तिला म्हटलं, “काकू, दोन दिवस जरा पाय उचला. चाळीस सेकंद झाले की हे साहेब दार बंद लिहितात. माझ्या पोटावर पाय येईल.”

“मेल्या, आधी नाही सांगायचं?” ती म्हणाली. गंमत म्हणून बोललो होतो मी. तिने मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी थाप मारायच्या आत दार उघडं. धापा टाकत उभी होती, काठी नव्हती, भिंतीला धरलेलं. “काठीने उशीर होतो रे,” म्हणाली. घड्याळवाल्याने नऊ सेकंद लिहिले आणि पहिल्यांदा हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी थाप मारली. कुलूप नव्हतं. आतून पावलं ऐकू आली, भरभर. मग काहीतरी पडल्यासारखा आवाज आला, जड. मग काहीच नाही.

“काकू?”

“अडतीस,” घड्याळवाला म्हणाला. “एकोणचाळीस. दाबा.”

इस्त्री पडली असेल, मी मनाशी म्हटलं. कापडाचा गठ्ठा असेल. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो. माझं बोट बटणावर गेलं, पुडकं परत थैलीत गेलं, आणि उरलेली साठ घरं मी अशी वाटली की विचारू नका. एकाही दाराशी चाळीसच्या वर गेलो नाही. घड्याळवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. “पास आहात,” म्हणाला आणि निघून गेला.

मी धावत परत आलो. दीड तास झाला होता. पुडकं थैलीत तसंच होतं. दार जसंच्या तसं, कडी आतून. दोनदा हाक मारली. गुडघ्यांवर बसून दारातल्या पत्र टाकायच्या फटीची झडप उचलली. आतल्या फरशीवर, दारापासून हातभर अंतरावर, तिची बोटं दिसली. दाराकडे सरकत होती, इंचाइंचाने.

“काकू, मी आहे.”

बोटं थांबली. आवाज इतका बारीक आला की मला कान फटीला लावावा लागला.

“आलेच रे. दार बंद लिहू नकोस.”