टमाट्याला खांब समजलेला विळा

मी एक जुना विळा आहे, मित्रांनो, आणि आज मी फार म्हणजे फारच खुशीत आहे. माझ्या पात्याला टमाट्याचा वास येतोय! ज्याने जन्मभर केळीचा चीक अंगावर घेतला, त्याच्या पात्याला टमाट्याचा वास! हे घडले कसे, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

भडगावच्या एका लोहाराने मला घडवले. तापवले, ठोकले आणि लालभडक असतानाच पाण्यात बुडवले. मी चर्रर्र असा ओरडलो आणि विळा झालो. फैजपूरच्या पितांबर आबांनी अंगठ्याने माझी धार पाहिली, "हा चालंन" म्हणाले आणि मला केळीच्या बागेत आणले.

तिथे मी वीस-बावीस वर्षे राबलो. वाळकी पाने उतरवली, बुंध्याशी फुटणारी जास्तीची पिले काढली, घड कापले. केळीचा एक खांब एकदाच घड देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? म्हणून घड उतरला की खांबही पाडायचा. मग शेजारच्या पिलाला जागा आणि ऊन मिळते. मला जगातला हा एकच नियम ठाऊक होता. आबा लोकांना सांगत, "माझा विळा लोण्यात फिरावा तसा फिरतो." तेव्हा माझे पाते अभिमानाने चकाकत असे.

मग एक नवा, हिरव्या मुठीचा विळा आला. मला शेडमधल्या खिळ्यावर टांगले. मला गंज चढला. माझ्या वाकात एका कोळ्याने जाळे विणले. मी तसाच लटकत राहिलो.

मागच्या गणपतीनंतर एके दिवशी कुणीतरी ते जाळे झटकले. ती आबांची नात होती, अकरा वर्षांची भूमिका! बागेत कामाला येणाऱ्या जमनाने सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या अंगणातून टमाट्याची तीन रोपे तिला आणून दिली होती. भूमिकेने माझ्या टोकाने घरामागची माती भुसभुशीत केली. दोन रोपे शेळीने खाल्ली. एक वाचले, आणि ते काय वाढले म्हणता! भूमिकेने त्याला पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काडीचा, आधार दिला आणि केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने, अलगद बांधले. पिवळी फुले आली. मग हिरवे मणी. मग हिरव्या गोट्या! ती रोज शाळेत जाण्याआधी त्या मोजायची.

उत्साहाच्या भरात तिने नरडाण्याच्या मोनाली आत्याला फोनवर सांगून टाकले, "जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आपली भरीत पार्टी आहे ना? बाजारातून एकही टमाटा आणायचा नाही. सगळ्यांना माझे टमाटे!"

तिचा मोठा भाऊ पियुष खो खो हसला. "एक झाड अन् वीस माणसं! पाहुण्यांना काय वास देशील का वं?"

"बघच तू!" भूमिका म्हणाली.

दिवाळी झाली आणि पहिला घोस लाल झाला. सात टमाटे! उन्हाने कोमट झालेले, देठाशी हिरवा वास असलेले. एक भूमिकेने तिथेच उभ्याने खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. बाकीच्यांच्या फोडी मीठ लावून घरभर वाटल्या. इंदिराबाई आजी तर डोळे मिटून म्हणाल्या, "माय वं, याले तर खरंच चव आहे!"

आणि दुसऱ्या दिवशी, मित्रांनो, माझ्या हातून ते झाले.

भूमिकेने मला खिळ्यावरून काढले, टमाट्याच्या झाडाजवळ नेले आणि एका घावात ते कापले. जमिनीपासून वीतभर खोड तेवढे राहिले. मीही लोण्यात फिरावा तसा फिरलो. तिचे चुकतेय असे मला क्षणभरही वाटले नाही. घड उतरला, आता खांब पाडायचा!

ती मोठ्या ऐटीत ओरडली, "आबा, घड उतरला, मी खांब पाडला! आता पील येऊ द्या!"

आबा धावत आले. पडलेल्या झाडावर अजून दोन घोस हिरवे होते आणि फुले तर कितीतरी होती.

"घ्या!" पियुष म्हणाला. "आत्याले आता पानांची भाजी खाऊ घाल."

भूमिकेचा चेहरा उतरला. "आबा, हे पुन्हा देणार होतं का?"

आबा खाली बसले. "तुले रागावू कसा, बाई? मी तुले जन्मभर केयीच दाखवली." मग ते खरोखरच त्या खोडाभोवतीची माती बोटांनी उकरून पील शोधू लागले. चाळीस वर्षे केळी पिकवणारे आबा!

तेवढ्यात जमना आली. तिने हे पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसली. "आबा, काय शोधताय? हाई केळ नही शे! भूमिका, आण तो विळा."

तिने माझ्याच धारेने त्या झाडाच्या वीतवीतभर फांद्या केल्या. खालची पाने काढली. "फुलंही काढ, पोरी. आता फळ नको, मूळ पाहिजे." काळजावर दगड ठेवून भूमिकेने एकेक फूल खुडले. हिरव्या टमाट्यांची आजीने चटणी केली. नऊ फांद्या ओल्या मातीत उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर केळीच्या पानाची सावली झाली.

मला मात्र आबांनी उंच खिळ्यावर टांगले. तिथून मला खिडकीतून सगळे दिसत होते. पहिल्या दिवशी फांद्यांनी माना टाकल्या. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी पियुषसुद्धा चेष्टा न करता पाणी घालून गेला. आणि आठवडा सरता सरता एक शेंडा उभा! मग दुसरा! दोन वाळल्या, पण सात जगल्या. त्या तुटक्या खोडालाही बगलेतून कोंब फुटला. एकाची आठ झाडे, मित्रांनो! मी खिळ्यावर नाचायचाच बाकी होतो.

आठही झाडांना टमाटे लागले आणि भरीत पार्टीचा रविवार उजाडला. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती आणि भूमिका टोपलीभर टमाटे घेऊन आली. लाल, गच्च, चकचकीत! आत्या म्हणाली, "भरीतात टाकू या का दोन?"

"भरीतात टमाटा?" आजी कडाडल्या. "मी जिती आहे तोवर तरी नही!"

मग टमाटे निखाऱ्यावर वेगळे भाजले आणि मीठ-मिरचीत कुस्करले. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीशी सर्वांत जास्त कोणी खाल्ले? पियुषने! भूमिकेने त्याला विचारले, "वास पुरला का रे?"

टोपलीतला शेवटचा टमाटा आबांनी मला धुऊन माझ्या धारेने चिरला. अर्धा भूमिकेला, अर्धा जमनाला. म्हणून हा वास!

संध्याकाळी भूमिकेने मला पुसले, तेलाचे बोट फिरवले आणि विचारले, "आबा, आता काही कापण्याआधी मी कोणाला विचारू?"

"ज्याले ते झाड ठाऊक आहे, त्याले," आबा म्हणाले. "मले बी विचारत जा, पण केयीचंच."

मित्रांनो, आम्हा विळ्यांना विचारता येत नाही. जे समोर धराल ते आम्ही कापतो. म्हणून आम्हाला हातात घेण्याआधी तुम्हीच विचारा, आणि काम झाले की कोरडे पुसून ठेवा. एवढेच मागणे आहे.

मग आबांनी तो उंचावरचा खिळा उपटला आणि भूमिकेच्या हाताला येईल इतका खाली ठोकला.