थंड इंजिनाची टकटक

अकोल्याच्या वामनराव देशमुखांकडे एक विलायती मोटार होती आणि एक सून होती, आणि दोघींना झाकून ठेवण्याची त्या घराची रीत एकच होती. मोटारीच्या मागच्या काचा बारमाही बंद असत, वर किरमिजी पडदे. काचा उतरवण्याच्या मुठी काढून वामनरावांनी स्वतःच्या कपाटात ठेवल्या होत्या. सून म्हणजे माझी धाकटी बहीण सत्यवती. मागची बैठक जनानी, त्यामुळे तिथे सख्ख्या भावालाही जागा नव्हती.

१९६० च्या माघात मी तिला बाळंतपणासाठी अमरावतीला न्यायला गेलो. सातवा महिना होता. मी यष्टीचे नाव काढताच वामनराव हसले.

"देशमुखाची सून यष्टीत बसन? मास्तर, कॉलेजात पोट्ट्यायले हेच शिकोता काय?"

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवीत असे. मुलीकडचा माणूस व्याह्याच्या हसण्यावर हसतो, मीही हसलो.

सकाळी जानरावाने मोटार चालू केली. जानराव त्यांचा ड्रायव्हर. छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झालेला, आणि तेव्हापासून मालकापुढे मान न वाकवता बोलणारा. इंजिनातून टकटक आवाज येत होता. त्याने टोपण उचलून एका जोडावरची काजळीची रेघ दाखवली.

"मालक, गॅसकीट गेलं, ह्या जोडाची फट बुजवते ते. धूर मांगच्या नळीतून जाऊन नाई राहिला, इथूनच निसटून राहिला. खालच्या फटीतून थेट बाईसाहेबाच्या बैठकीत चढते."

"मागच्या साली इंजिन खोललं, तवा तेच विलायती तर परत बसोलं होतं."

"तेच बसोलं, तेच चुकलं. मी तवाच म्हटलं. एकदा दाबलं का त्याचा दम जाते. जोड खोलला का नवंच टाका लागते."

"विलायती काढून देशी टाकू? अन् हे ऐक, झाला ना तुहा आवाज बंद!"

"लोखंड तापलं, फट अर्धी दबली, म्हणून चूप बसलं मालक, धूर तं निसटतेच. बरं झालं म्हणून नाई."

त्या घरात हे दोन अर्थ वेगळे मानण्याची प्रथा नव्हती. सत्यवती दर प्रवासात डोके धरून, तोंड लाल होऊन, ओकत उतरे. अमरावतीला दोन दिवसांत बरी होई. त्यावरून सासरने सिद्धान्त काढला होता: माहेरचे नाटक. अनुमान सुबक होते. मी त्यातला हेत्वाभास जाणत होतो आणि गप्प होतो.

निघताना वामनरावांनी माझ्याकडून शब्द घेतला की रस्त्यात जनानी दार उघडायचे नाही. मी दिला.

बोरगाव मागे पडले तेव्हा पडद्याआडून तिचा आवाज आला. "दादा, डोकं लई दुखून राहिलं."

"मूर्तिजापूर येऊ दे, सत्या."

माझ्या बाजूची काच उघडी होती. माघाची थंड हवा तोंडावर येत होती. मागून नंतर काही ऐकू आले नाही, तेव्हा तिला झोप लागली असावी असे मी ठरवले. धूर दिसला की अग्नी आहे असे जाणावे, हे मी वर्गाला दरवर्षी शिकवीत होतो. न दिसणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूविषयीही मी वाचलेले होते. वाचलेले होते, एवढेच.

"सर," जानराव म्हणाला, "बाईसाहेब चूप कावून बसल्या?"

"झोपली असेल."

त्याने मूर्तिजापूरच्या अलीकडे एका निंबाखाली मोटार थांबवली.

"दार उघडू नकोस. मी शब्द दिला आहे."

"तुमी देला. म्या नाई देला."

त्याने दार उघडले. सत्यवती बैठकीवर कलंडली होती. गाल कुंकवासारखे लाल, डोळे अर्धे मिटलेले. मी तिला उचलून निंबाखाली निजवले. जानराव शेतातून पाणी घेऊन आला आणि पाठ करून उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. पोटातले मूल हलले, तेव्हा ती रडली.

मग उठून बसली. पदर डोक्यावरून घसरला होता. तो तिने सावरला नाही. जानरावाने आणलेला ओला हरभरा सोलत ती तासभर रस्त्याकडे पाहत राहिली. बैलगाड्या गेल्या, एक यष्टी गेली, खिडकीतल्या एका बाईने हिला हात केला. लग्नानंतरच्या चार वर्षांत ती उघड्या तोंडाने रस्त्यावर बसली नव्हती. पुढे अमरावतीपर्यंत ती पुढच्या बैठकीवर, उघड्या काचेशी बसून आली.

चैत्रात मुलगी झाली, दोघी सुखरूप. जनानी दाराला हात लावल्याबद्दल जानरावाला तोवर काढून टाकले होते. अमरावतीतच एका गॅरेजात तो मिस्त्री झाला होता.

ज्येष्ठात वामनराव नव्या ड्रायव्हरसह सुनेला न्यायला आले. मोटार गल्लीत शिरली तेव्हा इंजिन तापलेले होते, आवाज नव्हता. दुसऱ्या सकाळी ड्रायव्हरने ती चालू करून पाहिली, आणि मी पुन्हा टकटक ऐकली. "पाठवत नाही" हे दोन शब्दांचे वाक्य. त्याला प्रमाणे माझ्यापाशी भरपूर होती, पण ते मला उच्चारता आले नाही. मी जानरावाकडे गेलो.

"गॅसकीट हाये माह्यापाशी. पण मालक लावू देईन?"

"आहेराच्या ताटात ठेवतो. मुलीच्या पाठवणीचा आहेर त्यांना नाकारता यायचा नाही."

जानरावाने हातातला पाना खाली ठेवला. "सर, डोकं लई चालते तुमचं. पण कुठं चालते!"

शेला, नारळ आणि त्यावर तांब्याची कड असलेले ते चपटे देशी गॅस्केट, हळदकुंकू लावलेले. वामनराव लाल झाले; पण आहेर परतवणे हे देशमुखी नव्हे. जानरावाने दुपारभर खपून जोड खोलला, जुने खरवडून काढले, नवे बसवले.

पाठवणीच्या सकाळी इंजिन गार होते. चालू केले. काही वाजले नाही.

"पाहा," वामनराव म्हणाले, "मोटारीले काईच झालं नव्हतं."

सत्यवती मुलीला घेऊन मागे बसली. पडदा सोडण्याआधी तिने हळूच विचारले, "आता डोकं नाई दुखणार ना, दादा?"

"नाही."

"मंग मूर्तिजापूरले थांबाचं काई कारणच नाई राहिलं."

तिने पडदा स्वतःच सोडला. जानराव काजळलेले जुने गॅस्केट हातात धरून फाटकाशी उभा होता. मोटार गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आम्ही दोघे कान देऊन होतो. काहीही ऐकू आले नाही.