एक्केचाळीस जादा मुलं

मित्रांनो, मला पाहून माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "हे काय आहे?" म्हणून आधीच सांगून टाकते. मी मण्यांची चौकट आहे. लाकडाची, आडव्या तारांची, तारेगणिक दहा मणी. तुमच्या बालवाडीत माझी रंगीबेरंगी धाकटी बहीण असेल, पण ती खेळणं आहे. मी नोकरी केलेली आहे. वीस-बावीस वर्षं मेंढ्या मोजल्या आणि म्हातारपणी परदेशी विद्यापीठात जाऊन संख्याशास्त्र शिकले. शिकले म्हणजे फळीवर बसून ऐकलं. पुष्कळ जण तसंच शिकतात.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात भरून, दोन घाट ओलांडून, मी किरगिझस्तानातल्या कोक-बुलाक गावी आले. गावात तेव्हा सामुदायिक शेती होती आणि मेंढ्या मोजायचं काम कालिक नावाच्या माणसाकडे होतं. थंडीच्या आधी कळप वरच्या कुरणांवरून उतरू लागले की कालिक फाटकाशी स्टूल टाकून बसे. मी त्याच्या मांडीवर. मेंढी आत गेली की एक मणी टक्कन सरके. मेंढपाळ हुज्जत घालायचे, "कालिक, एक कमी मोजलीस!" तो म्हणायचा, "माणूस चुकेल बाबा, चौकट चुकत नाही." ते ऐकून मी फुगून जायची. ते तितकंसं खरं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

एका वर्षी एका माजलेल्या मेंढ्यानं स्टुलाला धडक दिली आणि माझ्या एककांच्या तारेवरचा पहिला मणी फुटला. कालिकनं तार सोडवून, आर्चा नावाच्या डोंगरी झाडाच्या सुवासिक लाकडाचा नवा मणी कोरून बसवला. तो जरा वेडावाकडा आहे, रंगानं तांबूस आहे आणि चुलीजवळ नेला की त्याला डोंगराचा वास येतो. तेव्हापासून माझी प्रत्येक मोजणी त्या मण्यापासून सुरू होते.

पुढे सामुदायिक शेती मोडली. मेंढ्या घरोघर वाटल्या गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ बटणं दाबायची यंत्रं आली. कालिकही वारला. मी पिठाच्या पोत्यावर खिळ्याला लटकत राहिले आणि माझ्या दशकांच्या तारेवर कोळ्यानं संसार थाटला. वाईट वाटायचं, पण सांगायचं कुणाला?

मला खाली ओढलं ते बेगायिमनं. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि मला गाडी समजून अंगणभर फरफटवत होती. तिची आपा, म्हणजे आई, धावत आली. "अगं, ही गाडी नाही! ही तुझ्या बापाची चौकट आहे." मग तिनं मला डोक्याच्या रुमालानं पुसलं आणि मुलीला एक ते दहा शिकवले.

आता खरं सांगायचं तर कालिक बेगायिमचा बाप नव्हता, आजोबा होता, आणि आपा तिची आजी. आमच्याकडे थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजी-आजोबांच्या ओटीत घालतात. ते मग त्यांचंच शेंडेफळ होतं. जिनं बेगायिमला जन्म दिला ती झूरा त्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायची. बेगायिम तिला वहिनी म्हणायची. झूराला पुढे तीन मुलगे झाले. सासूसमोर त्या मुलीचे लाड करायचे नाहीत अशी रीत होती आणि झूरा रीतीला फार पक्की. ती बेगायिमला जवळ घ्यायची नाही, रागवायचीही नाही. मुलगी मनात काय समजायची ते समजत गेली.

एकदा, आठ वर्षांची असताना, माझ्यावर बेरजा करता करता तिनं विचारलं, "आपा, वहिनीला मुलं किती?"

आपा पीठ मळत होती. "तिलाच विचार की."

तिनं विचारलं नाही. पुढेही मी खिळ्यावरून पाहत होते. त्यानंतर पंधरा वर्षांत तिनं कितीतरी गोष्टी मोजल्या, ही एक सोडून.

मुलगी गणितात हुशार निघाली. जर्मनीतल्या एका विद्यापीठानं तिला संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती शिकायला शिष्यवृत्ती दिली. निघायच्या दिवशी आपानं मला शालीत गुंडाळून तिच्या पेटीत कोंबलं.

"आपा, तिकडे संगणक आहेत गं!"

"असू देत. वीज गेली की ही चालते."

"जर्मनीत वीज जात नाही."

"मग शोभेला ठेव. तोंड नको चालवूस, पेटी बंद कर."

सगळं गाव तिचे मुके घेत होतं. झूरा मागे उभी होती. तिनं वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी गाडीत ठेवली, म्हणाली, "सांभाळून राहा," आणि पुन्हा मागे सरकली. गाडी सुरू झाल्यावर बेगायिमनं आपाला हात केला.

विद्यापीठात माझी सोय खिडकीवरच्या फळीवर झाली. खोलीतल्या दुसऱ्या मुली माझ्यावर मोजे वाळत घालायच्या. हा अपमान मी गिळला, कारण ऐकायला फार मिळत होतं. बेगायिम मोठ्यानं वाचायची. निवड कशी करावी, सरासरी कधी फसवते, माणसाला प्रश्न कसा विचारावा. तिच्या मार्गदर्शक होत्या क्रान्झबाई. उंच, सडसडीत, शब्दाला जपणाऱ्या. त्यांचं एक वाक्य बेगायिमनं चिठ्ठीवर लिहून माझ्या चौकटीला चिकटवलं होतं: उत्तर विचित्र आलं तर आधी प्रश्न तपासा. दोन वर्षं ती चिठ्ठी माझ्या कपाळावर होती आणि आम्ही दोघींनी ती नीट वाचली नाही.

प्रबंधासाठी तिनं आपलंच गाव घेतलं. गावची किती मुलं गावात राहिली आणि किती बाहेर गेली, हा विषय. सुट्टीत जाऊन तिनं गावातल्या एकशे अठरा बायकांना एकच अर्ज भरायला लावला. तुमची मुलं किती? लहानमोठी सगळी सांगा. प्रत्येकाचा जन्म कधीचा, मुलगा की मुलगी, आता कुठे असतो. मुलांची नावं लिहायची नाहीत, बाईचं आडनाव तेवढं. बाईंचा नियम होता की स्वतःच्या घरच्यांची उत्तरं स्वतः घ्यायची नाहीत. म्हणून आपा आणि झूराचे अर्ज गावातल्या तोल्कुन शिक्षिकेनं भरून घेतले आणि पाकिटं बंद करून दिली. ती पाकिटं बाईंच्या कपाटात गेली. त्यांतले आकडे दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं संगणकात घातले, बेगायिमला नुसती बेरीज कळली.

बेरीज आली चारशे बारा. गावच्या जन्मनोंदवहीत त्याच बायकांची मुलं होती तीनशे एक्काहत्तर.

क्रान्झबाई तिच्या खोलीवर आल्या, उभ्यानंच बोलल्या. "बेगायिम, एक्केचाळीस मुलं जास्त आहेत."

"नोंदवही जुनी आहे बाई. काही जन्म राहिले असतील."

"मीही तेच म्हणून पाहिलं. पण नोंदवहीत एकही जन्म सुटलेला नाही, आणि आपल्या एक्केचाळीस मुलांचा तिच्यात पत्ताच नाही. घरी जाऊन, चहा पिऊन, अर्ज बसल्याजागी भरणारे विद्यार्थी मी पाहिलेत. तू तशी नाहीस, हे मला माहीत आहे. समितीला माहीत नाही. सोमवारी समिती बसतेय. तोवर ही मुलं कुठून आली ते सांगता आलं नाही, तर प्रबंध जाईल. शिष्यवृत्तीही."

बाई गेल्या. बेगायिमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं संगणकावर तीन दिवस उलटसुलट पाहिलं. प्रत्येक वेळी एक्केचाळीस. शनिवारी दुपारी तिनं संगणक मिटला, माझ्यावरचे मोजे काढून फेकले आणि मला मांडीवर घेतलं. किती वर्षांनी कुणीतरी मला मांडीवर घेत होतं! ती एकशे सोळा अर्ज एकेक करून वाचू लागली.

मध्येच तिनं आपाला फोन लावला. "आपा, तोल्कुनबाईंना तू मुलं किती सांगितलीस?"

"सात."

"कुठली सात?"

"कुठली म्हणजे? बाजारातून आणलीत का? सहा आणि तू."

"मी पण?"

"मग तू कोण, शेजारणीची? जर्मनीत जाऊन डोकं फिरलं काय गं तुझं? जेवलीस का?"

फोन ठेवून बेगायिम चिठ्ठीकडे पाहत राहिली. उत्तर विचित्र आलं तर आधी प्रश्न तपासा. तुमची मुलं किती? तिच्या गावात हा प्रश्न ऐकून कुणी विचारणार नव्हतं की जन्म दिलेली की वाढवलेली. तिला स्वतःलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ती स्वतःच तसलं मूल होती.

आजीनं मोजलं हे ठीकच. पण बेरीज जास्त यायची तर ज्यांनी मुलं देऊन टाकली त्या आयांनीही मोजलेलं असणार! तिनं अर्ज जन्मसालाप्रमाणे जमिनीवर मांडले. एका म्हाताऱ्या बाईच्या अर्जात शेवटचा मुलगा, जन्म ऑगस्टचा. त्याच आडनावाच्या तरुण बाईच्या अर्जात पहिला मुलगा, ऑगस्टचाच, सालही तेच. टक्. पहिला, आर्चाचा मणी सरकला. मग दुसरी जोडी. टक्. मी गरम झाले होते आणि खोलीभर डोंगराचा वास सुटला होता. संध्याकाळपर्यंत दशकांच्या तारेवर चार मणी सरकले. चाळीस. एककांची तार रिकामी झाली आणि अर्ज संपले.

एक मूल उरलं. उरलेले अर्ज दोनच होते, बाईंच्या कपाटातले. आपानं सात सांगितली होती हे तिला माहीत होतं. वजाबाकी करून तिला झूराचा आकडा तिथल्या तिथे काढता आला असता. मी तर मनात काढलाही होता. पण तिनं ती वजाबाकी केली नाही. मित्रांनो, उत्तराची भीती वाटली की माणूस वजाबाकी टाळतो. झूरानं तीन म्हटलं असेल तर? मग एक मूल खरंच खोटं ठरणार होतं, प्रबंधाचं जे व्हायचं ते होणार होतं, आणि आठव्या वर्षी न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळणार होतं.

सोमवारी समितीच्या आधी ती मला काखेत मारून क्रान्झबाईंकडे गेली. बाईंनी चाळीस जोड्या शांतपणे तपासल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हणजे ही मुलं जादा नाहीत. दोनदा आहेत."

"हो बाई. पण चाळीसच. एक राहिलंय."

"कुठे?"

"तुमच्या कपाटात. मीच असेन. किंवा नसेन."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग कपाट उघडलं. पाकिटातून कागद काढून त्यांनी तो तिच्यापुढे धरला. "मला तुमची लिपी वाचता येते, पण अडखळत. तूच वाच."

तिनं वाचलं. मुलं: चार. पहिली: मुलगी, जन्म मार्चचा. राहते: गावाबाहेर, जर्मनी. करते: शिकते.

समासात तोल्कुन शिक्षिकेच्या बारीक अक्षरात एक ओळ होती. "उत्तर देणाऱ्या बाईंनी दोनदा खात्री करून घेतली, पहिली नीट लिहिली ना म्हणून."

बेगायिम हुंदके देऊन रडू लागली. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि पाण्याचा पेला दिला. मग काय वाटलं कोण जाणे, त्या उंच बाईंनी वाकून आपल्या बोटानं माझ्या एककांच्या तारेवरचा पहिला मणी सरकवला. टक्. एक्केचाळीस. माझा जीव भांड्यात पडला. मला जीव नाही आणि भांडंही नाही, तरी पडला.

समितीनं प्रबंध ठेवून घेतला. एक प्रकरण वाढवायला सांगितलं: मुलं कुणाची, हे विचारताना काय काय विचारायला हवं. बेगायिमनं ते हसत लिहिलं. त्या आधी तिनं गावी फोन केला, या वेळी दोन घरं सोडून.

"वहिनी, अर्जात तुम्ही चार मुलं सांगितलीत."

"चुकलं का काही? तुझं नुकसान झालं का गं? तोल्कुनबाई म्हणाल्या, असतील तेवढी सांगा. मी... त्यांना सांग, खोडून टाका म्हणावं. आपाला नको कळू देऊस."

"नाही चुकलं. खोडायचं काही नाही. बरोबर आहे."

"बरोबर आहे?"

"अगदी बरोबर."

"बरं झालं बाई," झूरा म्हणाली आणि मोकळं हसली. "अर्ज भरल्यापासून मी आपली घाबरूनच होते. दही संपलं असेल ना तुझं? पाठवते."

मित्रांनो, कालिक म्हणायचा चौकट चुकत नाही. मी चुकते. तुम्ही जे मोजायला सांगाल तेवढंच मी मोजते, आणि प्रश्न नीट नसला तर मी प्रामाणिकपणे चुकीचं मोजते. म्हणून मोजायला बसाल तेव्हा आधी विचारा, आणि ज्याला विचारायचं त्यालाच विचारा. पंधरा वर्षं थांबू नका.

आणि माझ्यासारखी एखादी जुनी चौकट कुठे खिळ्याला दिसली तर तिला पुसा, तिच्यावर मोजे वाळत घालू नका. बेगायिमच्या खोलीत आलात तर मलाही जरूर पुसा. फक्त एककांच्या तारेवर तो तांबूस मणी एकटाच पलीकडे सरकलेला दिसेल. तो मागे ढकलू नका. तिनं तो अजून परत आणलेला नाही.