दुसरी पेटी माझी

दाजींचा अॅम्प्लिफायरचा धंदा गिटारच्या एका बड्या कंपनीने विकत घेतला, तेव्हा घरात सगळ्यात गोड हसलो तो मी. पोटात मात्र चांगलंच दुखत होतं. माझ्या बहिणीचा हा नवरा आयुष्यभर गॅरेजमध्ये बसून सोल्डरिंग करत राहिला. नावाजलेले गिटारवाले त्याच्या एकेका अॅम्पसाठी ताटकळत बसायचे. आणि आता कंपनीला त्याचं नाव हवं होतं, त्याची तारांची जोडणी हवी होती, एवढंच काय, त्याचा चष्मासुद्धा. जाहिरातीसाठी चष्म्याचा फोटो काढून नेला त्यांनी, देवाशपथ!

आणि मी? मी सुतार. आतली तारांची, व्हॉल्व्हची करामत दाजींची. ती ज्यात बसते ती लाकडी पेटी माझी. फळ्या बोटाने ठोकून, कान लावून निवडायच्या. कोपऱ्यांना दातात दात बसवायचे, खिळा म्हणून मारायचा नाही. माझं ठाम मत होतं की आवाज पेटीत असतो, तारांत नुसती वीज असते. हे मत मी दाजींना जेवता जेवता कितीदा तरी ऐकवलं. ते हो हो म्हणायचे आणि पुढच्याच क्षणी, "ते खोकं जरा इकडे सरकव रे." खोकं! खोकं चपलांचं असतं.

मासिकांत फोटो यायचे तेही कसे? दाजी माझ्या पेटीवर कोपर टेकून उभे. कोपर कुणाचं ते खाली छापलेलं असायचं. कशावर टेकलंय, ते कुणी छापलं नाही.

करार ठरला आणि ताई माझ्या दुकानात आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "पेट्या ते त्यांच्याच कारखान्यात करणार म्हणे. तू मनाला लावून घेऊ नकोस हं."

मनाला? माझं दुकानच त्या पेट्यांवर चालत होतं. पण खरं सांगतो, धंदा बुडण्यापेक्षा मला दुसरंच झोंबत होतं. दाजी वर जाणार, आणि मी पुन्हा लोकांच्या कपाटांची दारं बसवत फिरणार.

मग एका सकाळी कंपनीच्या बाई गॅरेजमध्ये आल्या. बरोबर त्यांचा इंजिनियर आणि कारखान्यातली नमुन्याची पेटी, यंत्रावर कापलेली, गुळगुळीत. मी सरळ आडवा गेलो.

"दोन्ही पेट्या वाजवा," मी म्हणालो. "माझी कुठली ते नुसत्या आवाजावरून सांगतो. ओळखली, तर पेट्यांचं काम माझ्याकडेच राहील."

"आणि नाही ओळखली तर?" बाईंनी विचारलं.

"तर कपाटं करीन."

"अरे, कशाला उगाच," दाजी म्हणाले. त्यांचा तो समजूतदार सूर ऐकून माझं डोकं आणखीच फिरलं.

अट मीच घातली. दाजी सोडून सगळ्यांनी, मीसुद्धा, भिंतीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे कुणी मला खूण केली असं म्हणायला जागा नको. आतला अॅम्प आणि स्पीकर दोन्ही पेट्यांत एकाच जातीचा. दाजींनी गिटार गळ्यात अडकवली आणि पहिली पेटी वाजली. मग गिटारची वायर एकीतून काढून दुसरीत घातल्याची खट्ट, आणि दुसरी. सुरावट तीच. पहिली बरी होती. पण दुसरी! तिचा खालचा सूर थेट छातीत उतरला, अंगावर काटा आला. आपल्या पोराचा आवाज ओळखायला कधी वेळ लागतो का?

"दुसरी माझी," मी म्हणालो.

"बरोबर," मागून दाजी म्हणाले.

दाजींचं तोंड बघायला मी गर्रकन वळलो, आणि दिसली ती वायर. दाजी ती उपटत होते. कंपनीच्या पेटीतून. बाई खुर्ची सरकवून वळेपर्यंत वायर दाजींच्या हातात आली होती.

"ठरलं तर मग," बाई म्हणाल्या. "पेट्या तुमच्याच."

गप्प बसलो असतो तर भागलं असतं. पण दाजींनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, रडणाऱ्या पोराच्या हातात खाऊ ठेवून हलवतात तशी, आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. या माणसाच्या उपकारावर जगू मी?

"दाजी खोटं बोलले," मी म्हणालो. "दुसरी तुमची पेटी होती."

मला फार बरं वाटलं. आता हा देवमाणूस कसा तोंडघशी पडतो ते बघू! दाजी कानापर्यंत लाल झाले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग चक्क हसल्या.

"मेहुण्यासाठी खोटं बोललात," त्या म्हणाल्या, "आणि तेही धड जमलं नाही. तुमच्याबरोबर काम करायला मजा येणार."

इंजिनियरही हसला. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. पेट्यांचं काम अर्थातच गेलं.

ती मंडळी गेल्यावर मी माझी पेटी उचलायला वाकलो. दाजी दुसऱ्या बाजूने हात लावायला आले.

"तुम्हाला तरी फरक कळत होता ना?" मी विचारलं.

"नाही रे."

"आज नाही, की कधीच नाही?"

त्यांनी पेटीची कड नीट धरली.

"मग इतकी वर्षं पेट्या माझ्याकडूनच का घेतल्यात?"

दाजी माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. मी वळून पाहिलं. दारात ताई उभी होती, आणि तिने मान खाली घातली होती.